पदार्पणाचा अल्बम गाजला की पडला? आधी तारीख पाहा

आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहोत हे स्पष्ट राहील. लाना डेल रे या अमेरिकी गायिकेच्या 'बॉर्न टू डाय' या २०१२ मधील अल्बमवर आपण दीर्घ लेख लिहीत आहात आणि त्यातला 'समीक्षकांनी व श्रोत्यांनी केलेले स्वागत' हा भाग अडला आहे. एका ठिकाणी आपल्याला वाचायला मिळाले की समीक्षकांनी हा अल्बम झोडपला, तर दुसरीकडे तो अलीकडच्या पॉपमधला महत्त्वाचा टप्पा म्हणून गौरवलेला दिसला. पिचफोर्क या संगीत-परीक्षणांच्या एकाच संकेतस्थळाने त्याला दहापैकी दिलेले दोन वेगवेगळे गुण सापडले, ५.५ आणि ७.८. अमेरिकेच्या अल्बमखपाच्या साप्ताहिक यादीत तो पहिल्या क्रमांकावर कधीच पोहोचला नाही, पण त्याच यादीत तीनशेहून अधिक आठवडे टिकला. तेव्हा पदार्पणाचा हा अल्बम गाजला म्हणावा की पडला, असे आपण विचारले आहे.

मी सुरुवातीची सहा वर्षे एका रेकॉर्ड कंपनीच्या वितरण विभागात खपाचे साप्ताहिक तक्ते तयार केले आणि त्यानंतर आजवर अल्बमची परीक्षणे लिहितो आहे. त्यामुळे आकडे कसे तयार होतात आणि मते कशी तयार होतात, हे दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्यासमोरचे आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. ते वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या गोष्टी मोजून काढलेले आहेत आणि लेखात एकाच वाक्यात कोंबले गेल्यामुळे ते भांडत असल्यासारखे दिसतात. माझ्या मते खरी अडचण 'गाजला की पडला' ही नसून, कोणते विधान कोणत्या तारखेचे आहे हे लिहायचे राहून जाते, ही आहे.

काही बाबी आपण कोणता लेख लिहीत आहात यावर अवलंबून राहतील, हेही आधीच मान्य करतो. आपल्याला २०१२ साली काय घडले हे सांगायचे असेल, तर पहिल्या वर्षभरातील परीक्षणे आणि खप एवढेच पुरेसे आहे. त्या अल्बमचा पुढच्या गायिकांवर काय परिणाम झाला हे सांगायचे असेल, तर पहिल्या आठवड्याच्या आकड्यांना जवळजवळ काहीच किंमत उरत नाही. दोन्ही सांगायचे असेल तर दोन्ही वेगळ्या परिच्छेदांत सांगावे लागेल.

पहिली गाठ 'पदार्पण' या शब्दातच आहे. 'बॉर्न टू डाय' हा या गायिकेचा पहिला अल्बम नव्हे. जानेवारी २०१० मध्ये तिचा एक अल्बम केवळ डिजिटल स्वरूपात निघाला होता. त्यावर तिच्या नावातील 'रे'चे इंग्रजी स्पेलिंगही वेगळे होते आणि थोड्याच काळात तो विक्रीतून काढून घेण्यात आला. पॉप संगीतात हे वरचेवर घडते. केटी पेरीचा पहिला अल्बम २००१ मध्ये केटी हडसन या नावाने निघाला होता आणि तो ख्रिस्ती भक्तिसंगीताचा होता, पण बहुतेक श्रोत्यांसाठी तिची सुरुवात २००८ मध्ये होते. अॅलानिस मॉरिसेट हिचे दोन अल्बम केवळ कॅनडात निघाले होते. जगाने तिला १९९५ मध्ये ऐकले. त्यामुळे 'पदार्पण' याऐवजी 'मोठ्या कंपनीकडून आलेला पहिला अल्बम' असे लिहिलेले बरे. हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नाही, कारण २०१२ मध्ये समीक्षकांचा जो आक्षेप होता, तो नेमका या आधीच्या आयुष्यावरूनच उभा राहिला होता. त्याकडे पुढे येतो.

आता पहिल्या आठवड्याचे क्रमांक घेऊ, कारण लेखांमध्ये सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. पहिल्या आठवड्यात अल्बम विकत घेणाऱ्याने तो बहुधा ऐकलेलाच नसतो. त्याने एखादे गाणे ऐकलेले असते, मुलाखत पाहिलेली असते, किंवा गायिकेचा आधीचा अल्बम त्याला आवडलेला असतो. म्हणून पहिल्या आठवड्याचा खप हा अल्बमचे नव्हे, तर अल्बमच्या आधी जे काही घडले त्याचे मोजमाप असतो. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण व्हिटनी ह्यूस्टन. तिचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९८५ मध्ये आला आणि बिलबोर्ड या नियतकालिकाच्या अमेरिकेतील साप्ताहिक अल्बम यादीत शिखरावर पोहोचायला त्याला पन्नास आठवडे लागले. मार्च १९८६ मध्ये तो पहिला आला आणि मग एकूण चौदा आठवडे त्या जागी राहिला. त्यातली तीन गाणी एकेक करून पहिल्या क्रमांकावर गेली आणि अल्बम त्यांच्या मागोमाग वर सरकत राहिला. तिचा दुसरा अल्बम १९८७ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. एखाद्या गायिकेच्या अल्बमने अमेरिकेत असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. आता यावरून दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा जास्त आवडला, असे कोणी म्हणणार नाही. दुसऱ्याचा पहिला आठवडा ही पहिल्या अल्बमची पुण्याई होती.

मॅडोनाच्या बाबतीत हा खेळ आणखी मजेशीर आहे. तिचा पहिला अल्बम जुलै १९८३ मध्ये निघाला आणि अमेरिकेत आठव्या क्रमांकाच्या वर कधीच गेला नाही. तो आठवा क्रमांकही त्याने वर्ष उलटल्यावर, १९८४ च्या ऑक्टोबरात गाठला. केवळ सर्वोच्च क्रमांक पाहून लिहिणारा लेखक त्याला 'बेताचे यश' म्हणेल आणि तो अल्बम पुढे कित्येक दशके विकला जात राहिला, हे त्याच्या नजरेतून सुटेल.

उलट बाजूचे उदाहरण म्हणजे ब्रिटनी स्पीअर्स. जानेवारी १९९९ मध्ये तिचा पहिलाच अल्बम सुमारे १,२१,००० प्रती विकून पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. वरवर पाहता हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, पण तारखा लावून पाहिल्या की जात नाही. अल्बमचे शीर्षकगीत १९९८ च्या शरदातच बाहेर पडले होते, ते महिनोन्महिने वाजत होते आणि अल्बम ज्या आठवड्यात आला त्याच आठवड्यात ते गाणे गाण्यांच्या यादीत शिखरावर पोहोचले. लोकांनी अल्बम घेतला तो त्या एका गाण्याच्या भरवशावर. तो भरवसा खरा ठरला की नाही, हे दुसऱ्या आठवड्यापासून कळू लागते. म्हणून मी तक्ता हातात घेतला की पहिला रकाना सोडून आधी दुसरा, चौथा आणि दहावा आठवडा पाहतो. पहिल्या आठवड्यात जाहिरात बोलते. दहाव्या आठवड्यात एका श्रोत्याने दुसऱ्याला सांगितलेले बोलते.

आपल्या अल्बमला हेच लावून पाहू. ब्रिटनमध्ये तो जानेवारी २०१२ च्या अखेरीस पहिल्या आठवड्यात एक लाखाहून अधिक प्रती खपून पहिल्या क्रमांकावर आला. अमेरिकेत सुमारे ७७,००० प्रतींसह दुसरा आला, कारण वर अडेलचा आदल्या वर्षीचा '२१' हा अल्बम ठाण मांडून बसला होता. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, जानेवारी २०११ मध्ये, केक या बँडचा अल्बम केवळ ४४,००० प्रतींवर अमेरिकेत पहिला आला होता. म्हणजे क्रमांक हा आपल्या खपाइतकाच त्या आठवड्यात समोर कोण उभे आहे यावर ठरतो. 'पहिल्या क्रमांकाने हुलकावणी दिली' असे वाक्य आपल्या मसुद्यात असेल तर ते काढून टाका आणि तिथे प्रतींचा आकडा द्या.

'तीनशेहून अधिक आठवडे' या आकड्याविषयी अधिक सावध राहावे लागेल, कारण यादी मोजण्याचे नियमच मधल्या काळात बदलले आहेत. १९९१ पूर्वी बिलबोर्डचे लोक दुकानांना विचारून कोणता अल्बम किती जोरात चालला आहे याचा अंदाज घेत असत. मे १९९१ पासून गल्ल्यावर स्कॅन होणाऱ्या प्रत्यक्ष विक्रीचे आकडे घेण्यास सुरुवात झाली. त्यापूर्वीच्या साऱ्या इतिहासात अवघे सहा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले होते. नंतर ती जवळजवळ दर आठवड्याची गोष्ट झाली. श्रोते अचानक अधिक उतावीळ झाले नव्हते. मोजपट्टी बदलली होती. दुसरा बदल डिसेंबर २००९ चा आहे. तोवर जुने झालेले आणि खाली घसरलेले अल्बम मुख्य यादीतून काढून वेगळ्या यादीत टाकले जात. त्यानंतर त्यांना मुख्य यादीतच राहू देण्यात आले. तिसरा बदल डिसेंबर २०१४ मध्ये झाला, जेव्हा स्ट्रीमिंगवर ऐकलेली गाणीही अल्बमच्या खपात धरली जाऊ लागली. १९८५ चा अल्बम कितीही लाडका असला, तरी त्या काळच्या नियमांनी त्याला तीनशे आठवडे मुख्य यादीत राहणे अतिशय अवघड होते. 'बॉर्न टू डाय' मात्र नेमका या दुसऱ्या आणि तिसऱ्या बदलांच्या मध्ये जन्मला आणि दोन्हींचा लाभ त्याला मिळाला. हे त्याचे श्रेय कमी करण्यासाठी मी सांगत नाही. त्याच काळात आलेल्या हजारो अल्बमना हेच नियम लागू होते आणि ते काही इतके टिकले नाहीत. पण त्याची तुलना करायची तर २००९ नंतरच्या अल्बमशीच करा.

स्ट्रीमिंगचे गणित कागदावर एकदा करून पाहण्यासारखे आहे, कारण ते केल्याशिवाय 'विकला गेला' या शब्दाचा अर्थ किती पातळ झाला आहे हे लक्षात येत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत ठरलेले प्रमाण असे होते की अल्बममधील गाणी मिळून १,५०० वेळा ऐकली गेली की एक प्रत विकली गेली असे धरायचे. अल्बममध्ये बारा गाणी असतील, तर संपूर्ण अल्बम सव्वाशे वेळा ऐकला गेला की एक प्रत. पण तेच १,५०० वेळा ऐकणे एकाच गाण्याचे असले, तरीही एक प्रतच मोजली जाते आणि उरलेली अकरा गाणी कोणी उघडूनही पाहिलेली नसतात. पुढे २०१८ मध्ये पैसे भरणाऱ्या आणि जाहिराती ऐकणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगवेगळी प्रमाणे आली. ब्रिटनच्या यादीने या दुखण्यावर वेगळा उपाय केला: अल्बममधील सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या दोन गाण्यांचे वजन उतरवून ते बाकीच्या गाण्यांच्या सरासरीला आणले जाते, म्हणजे एका गाण्याच्या खांद्यावर बसून अख्खा अल्बम वर जाऊ शकत नाही. म्हणून दोन देशांतले क्रमांक शेजारी ठेवताना मी नेहमी एक वाक्य खुलाशाचे लिहितो.

तरीही एखादे गाणे अल्बमला उशिरा वर ओढते, हे खरेच आहे. दुआ लिपाचा पहिला अल्बम पुढे ढकलला जात अखेर जून २०१७ मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर दाखल झाला. ऑगस्टमध्ये 'न्यू रूल्स' हे त्यातलेच गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि अल्बमही नंतर तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. 'बॉर्न टू डाय'च्या बाबतीत ही भूमिका 'समरटाइम सॅडनेस' या गाण्याच्या नृत्यासाठी केलेल्या रीमिक्सने बजावली. ते रीमिक्स २०१३ मध्ये अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, म्हणजे अल्बम आल्यानंतर दीड वर्षाने. गंमत अशी की ज्या संथ, सुस्कारे टाकणाऱ्या चालीवर समीक्षकांनी आक्षेप घेतला होता, ती चाल त्या रीमिक्समध्ये राहिलीच नव्हती. तेव्हा त्या गाण्याचे यश अल्बमच्या यशात कितपत मोजायचे, हा प्रश्न आपण लेखात उघडपणे मांडावा, असे मला वाटते.

गोल्ड आणि प्लॅटिनम या खपाच्या प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत पाच लाख प्रतींना गोल्ड, दहा लाखांना प्लॅटिनम आणि १९९९ पासून एक कोटीला डायमंड. ब्रिटनमध्ये एक लाखाला गोल्ड आणि तीन लाखांना प्लॅटिनम. अमेरिकेत हे प्रमाणपत्र कंपनीने अर्ज केल्यावरच मिळते. म्हणून प्रमाणपत्राची तारीख ही कंपनीला अर्ज करावासा वाटला त्यानंतरची तारीख असते, टप्पा ओलांडला त्या दिवसाची नव्हे. शिवाय पारंपरिकरीत्या हा आकडा दुकानांकडे रवाना झालेल्या मालाचा असे, गिऱ्हाइकाने घेतलेल्या मालाचा नव्हे.

रवाना झालेला माल आणि विकलेला माल यांतले अंतर मी स्वतः उचलून पाहिले आहे. वितरण विभागात असताना एका नवोदित गायिकेच्या पहिल्या अल्बमसाठी आमच्या कंपनीने दुकानांना भरमसाट माल पाठवला. कार्यालयात मिठाई वाटली गेली, भिंतीवर चौकट लागली आणि माझ्या तक्त्यातल्या 'रवाना' या रकान्यातला आकडा वर्तमानपत्रांना 'खप' म्हणून कळवला गेला. सव्वातीन महिन्यांनी गोदामात खोकी परत येऊ लागली. त्यांच्यावर आमचीच चिकटपट्टी होती आणि बऱ्याच खोक्यांची ती उघडलेलीही नव्हती. 'परत' हा रकाना भरताना मला दोन ओळी कमी पडल्या आणि मी समासात आकडे लिहिले. वर्तमानपत्रांतला आधीचा आकडा मात्र कोणी दुरुस्त केला नाही. तो आजही त्या गायिकेवरच्या लेखांतून तसाच उतरवला जातो. तेव्हापासून स्रोत न सांगता 'जगभरात इतक्या प्रती विकल्या' असे म्हणणारा आकडा मी वापरत नाही. आपल्या अल्बमसाठी सुदैवाने एक भक्कम आकडा उपलब्ध आहे: ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या आयएफपीआयने २०१२ या वर्षातील जगभरच्या सर्वाधिक खपाच्या अल्बमची जी यादी दिली, तीत हा अल्बम सुमारे ३४ लाख प्रतींसह पाचवा होता. तो वापरा, आणि वर्षाचा उल्लेख त्याच वाक्यात ठेवा.

आता समीक्षकांकडे वळतो. इथे माझ्याच व्यवसायाच्या दोषांविषयी लिहावे लागणार आहे. पदार्पणाच्या अल्बमचे परीक्षण करणे दुसऱ्या वा तिसऱ्या अल्बमपेक्षा अवघड असते, कारण तुलनेला त्याच गायिकेचे काही हाताशी नसते. मग परीक्षक तुलना करतो ती त्याच्या कानावर आधी पडलेल्या गोष्टींशी: प्रसिद्धीचा गाजावाजा, छायाचित्रे, मुलाखती, तिच्यासारखी वाटणारी दुसरी गायिका. शिवाय परीक्षण अल्बमच्या दिवशीच छापून यायला हवे असते, त्यामुळे तीन-चार वेळा ऐकून मत द्यावे लागते. माझी जुनी टिपणवही अलीकडे चाळत होतो. एका पदार्पणाच्या अल्बमवरची टिपणे दोन पानांची आहेत. त्यातले पहिले पान गायिकेच्या मुलाखतीवरच खर्ची पडले आहे; दुसऱ्या पानावर गाण्यांच्या नावांपुढे 'ठीक', 'लांबले', 'पुन्हा ऐकणे' असे शेरे आहेत. ज्या चार गाण्यांपुढे 'पुन्हा ऐकणे' लिहिले, ती मी छपाईपूर्वी पुन्हा ऐकली नव्हती. पुढे त्या चारपैकी तीन गाणी वर्षानुवर्षे माझ्या कानात राहिली.

'बॉर्न टू डाय'च्या वेळी तर मत बनण्याची प्रक्रिया अल्बमच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. २०११ च्या उत्तरार्धात 'व्हिडिओ गेम्स' हे गाणे, तिने स्वतः जुन्या चित्रफितींचे तुकडे जोडून केलेल्या व्हिडिओसह, इंटरनेटवर पसरले आणि तिच्याकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले जाऊ लागले. पाठोपाठ तिचे आधीचे नाव, आधीचे रूप आणि काढून घेतलेला अल्बम यांचा शोध लागला आणि ही गायिका 'खरी' की कंपनीने घडवलेली, असा वाद पेटला. १४ जानेवारी २०१२ रोजी तिने 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायलेली दोन गाणी अवघडलेली वाटली आणि तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. अल्बम त्यानंतर दोन आठवड्यांनी आला. त्या वेळची परीक्षणे आज सलग वाचली, तर त्यांपैकी बऱ्याच परीक्षणांत अल्बमची गाणी उशिरा सुरू होतात. आधी तिच्या खरेपणाचा खटला चालतो. मला त्या आक्षेपांत तथ्य मुळीच दिसत नाही असे नव्हे. अल्बमच्या उत्तरार्धात गाणी एकमेकांत मिसळून जातात, ही तक्रार आजही मला पटते. पण ती संगीताविषयीची तक्रार आहे आणि खरेपणाचा आक्षेप हा व्यक्तीविषयीचा आहे. आपल्या लेखात या दोन प्रकारच्या टीकेला वेगळी वाक्ये द्या. पहिल्या प्रकारची टीका टिकली, दुसऱ्या प्रकारची काळाबरोबर विरली, हा या अल्बमच्या स्वागताचा सर्वांत वाचनीय भाग आहे आणि तोच बहुतेक लेखांतून निसटतो.

अनेक परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरील सरासरी शंभरपैकी ६२ आहे आणि तिला 'बहुतांशी अनुकूल' म्हटले जाते, कारण ते संकेतस्थळच ६१ ते ८० या पट्ट्याला तसे म्हणते. हे चुकीचे नाही, पण त्याच पद्धतीत ६० असते तर शिक्का 'संमिश्र' असा बसला असता. ही सरासरी निघते कशी तेही पाहा. ज्या नियतकालिकाने अक्षरी श्रेणी दिली असेल तिचे आकड्यात रूपांतर होते (उदाहरणार्थ 'बी' म्हणजे ७५), ज्याने काहीच गुण दिले नाहीत त्याच्या परीक्षणाला संकेतस्थळाचे कर्मचारी वाचून आकडा देतात आणि काही नियतकालिकांना इतरांपेक्षा अधिक वजन दिले जाते. इतक्या चाळण्यांतून गेलेल्या आकड्यावर दोन गुणांच्या फरकाने विशेषण बदलणे मला पटत नाही. शिवाय ६२ ही सरासरी दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत येऊ शकते: सर्वांनीच साठीच्या आसपास गुण दिले असतील, किंवा काहींनी नव्वद आणि काहींनी पस्तीस दिले असतील. पहिल्या परिस्थितीत अल्बम कोणाला फारसा भिडलेला नसतो, दुसरीत तो भांडण लावतो. आपला अल्बम दुसऱ्या प्रकाराच्या अधिक जवळचा होता, हे परीक्षणे उघडून पाहिल्यावरच समजते.

पिचफोर्कच्या दोन गुणांचे कोडे त्यामुळे सोपे होते. ५.५ हा जानेवारी २०१२ मधील परीक्षणाचा गुण. ७.८ हा ऑक्टोबर २०२१ मध्ये, त्याच संकेतस्थळाने आपल्या काही जुन्या निर्णयांचा फेरविचार करणारा लेख प्रसिद्ध केला तेव्हाचा. मधल्या साडेनऊहून अधिक वर्षांत अल्बममधला एक स्वरही बदलला नव्हता. बदलले होते ते आजूबाजूचे संगीत. संथ, उदास, सिनेमासारख्या भव्य वाद्यमेळाच्या पॉपला तोवर मोठा श्रोतृवर्ग मिळाला होता आणि त्या वळणाच्या उगमाशी हा अल्बम उभा दिसत होता. त्यामुळे ७.८ हे जुन्या परीक्षणाचे शुद्धिपत्र समजू नये; तो वेगळ्या वेळी विचारलेल्या वेगळ्या प्रश्नाचा गुण आहे.

हे सारे लेखात कसे उतरवावे, याचा एक नमुना देतो. आपण पाठवलेल्या मसुद्यातील वाक्य असे आहे: 'समीक्षकांचा संमिश्र प्रतिसाद मिळूनही हा अल्बम व्यावसायिकदृष्ट्या प्रचंड यशस्वी ठरला.' हे वाक्य निम्म्या पॉप अल्बमवर चिकटवता येईल, हीच त्यातली खोट आहे. त्याऐवजी मी असे लिहीन: 'जानेवारी २०१२ च्या अखेरीस अल्बम आला तेव्हा परीक्षकांत फूट पडली, अनेकांचा रोख गाण्यांपेक्षा गायिकेच्या घडवलेल्या प्रतिमेवर होता आणि मेटाक्रिटिकवरील सरासरी ६२ राहिली. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर, तर अमेरिकेत सुमारे ७७,००० प्रतींसह दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाला आणि त्या वर्षी जगभरात सुमारे ३४ लाख प्रती खपल्या. २०१३ मध्ये एका गाण्याच्या रीमिक्सने त्याच्याकडे नवे श्रोते वळवले. २०२१ मध्ये जुन्या निर्णयांच्या फेरविचारात पिचफोर्कने त्याला ५.५ ऐवजी ७.८ गुण दिले.' यात 'प्रचंड'सारखे एकही विशेषण नाही, तरी वाचकाला वळणे दिसतात. 'मिळूनही' हा शब्दही मी गाळला आहे, कारण तो परीक्षणे आणि खप यांच्यात एक कार्यकारणाचा धागा गृहीत धरतो. पॉपमध्ये, निदान पदार्पणाच्या अल्बमच्या बाबतीत, दोन्ही एकाच वेळी एकमेकांकडे न पाहता चालत असतात, असाच माझा अनुभव आहे.

तारखांविषयी एक तांत्रिक सूचना राहिली. बिलबोर्डच्या यादीवर छापलेली तारीख विक्रीच्या आठवड्यापेक्षा पुढची असते, त्यामुळे जानेवारीअखेर आलेला अल्बम फेब्रुवारीच्या मध्यावरील यादीत दिसला तर गोंधळून जाऊ नका. जुलै २०१५ पूर्वी ब्रिटनमध्ये अल्बम सोमवारी आणि अमेरिकेत मंगळवारी निघत. त्यानंतर जगभर शुक्रवार ठरला. दोन देशांतील 'पहिला आठवडा' शेजारी ठेवताना ते सात दिवस एकच नाहीत, हे ध्यानात राहू द्या. आणि परीक्षणांचा परिच्छेद रचताना ५.५ आधी येऊ द्या, त्याच्या वेळचा सगळा गदारोळ त्याच्याबरोबर येऊ द्या, आणि ७.८ ला शेवटच्या परिच्छेदापर्यंत थांबवून ठेवा. २०१२ मधल्या त्या जानेवारीत तो आकडा कोणाजवळही नव्हता.